पितळी तळावरची खूण

३ मार्च

ती. मामा,

हे पत्र ट्रकवाल्याच्या अंड्यांच्या ट्रेखालून येतंय, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नका. टपाल हल्ली मध्येच कुणीतरी फोडून वाचतं म्हणतात. तुम्हाला नमस्कार आहेच.

तुमचं रेडिओ केंद्र आता तुम्हाला ओळखू येणार नाही. टेकडीच्या फाटकावर वाळूची पोती रचलीत. ज्या बाकावर बसून तुम्ही आम्हाला चहा पीत पीत शिव्या घालायचात, त्यावर आता बंदुका आडव्या पडलेल्या असतात. जुने साहेब गेले. कुठे गेले ते कुणी विचारत नाही. त्यांच्या खुर्चीत जो आलाय त्याला आम्ही आपसांत बूटवाला म्हणतो, कारण तो आधी बुटाने बोलतो आणि मग तोंडाने. निवेदकही नवीन आहे, त्याचं नाव भसाड्या ठेवलंय. त्याला बातम्या वाचता येत नाहीत, पण गल्ल्या छान वाचता येतात. रोज संध्याकाळी नदीपलीकडची एक गल्ली. कुठलं घर, दाराचा रंग कुठला, पुरुष कामावर कधी जातात. मग पुलावर माणसं जमतात, रॉकेलचे डबे घेऊन. तुम्ही घरी ऐकत असालच. मी टेकडीवरून धूर बघते.

तर परवा त्याचं वाचन चालू असताना शेवटच्या अॅम्प्लिफायरमधला मोठा व्हॉल्व्ह मेला. तुमचा लाडका, कंदिलाच्या काचेएवढा, जो सगळा आवाज उचलून एरियलवर टाकतो. आठवडाभर त्याचा करंट उतरतच होता. तार छान पेटलेली, पण मीटरचा काटा रोज थोडा खाली. भसाड्याचा आवाज आणखी भसाडा व्हायला लागला आणि मग गप्पच झाला. बूटवाल्याने आत येऊन लंबूच्या थोबाडीत अशी मारली, की त्याच्या ओठातून रक्त थेट पॅनेलवर उडालं. लंबू तुमचा जुना चेला, तुम्हाला ठाऊक आहे तो कसा आहे. त्याने आधी पॅनेल पुसलं आणि मग ओठ. नवा व्हॉल्व्ह लागून केंद्र सुरू होईपर्यंत पुलावर कुणी आलं नाही.

मामा, व्हॉल्व्ह कशाकशाने मरतात ते एकदा सगळं लिहून पाठवा ना. तुम्ही शिकवलंत तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, हे तुम्हीच साऱ्या जगाला सांगत फिरता. कुठल्या मरणाची खूण मागे राहते आणि कुठल्याची नाही, तेही लिहा. बूटवाल्याला उत्तरं द्यावी लागतात.

ताईचा निरोप आला होता. तिला आठवा लागलाय. तिची गल्ली अजून वाचलेली नाही. तिचं नाव तुमच्यापुढे काढायचं नाही हे माहीत असूनही काढलं.

तुमची,
ठकी


८ मार्च

ठके,

आशीर्वाद नंतर देतो, आधी शिव्या घे. आठवडाभर काटा उतरतोय आणि तुम्ही दोघं तोंड बघत बसलात? तो व्हॉल्व्ह म्हातारा होऊन मेला. तार पेटते पण करंट सरकत नाही, म्हणजे तारेतला जीव संपला. त्यात कुणाचा दोष नाही. तुझ्या साहेबाला सांग, हा आपल्या मरणाने मेला, सुतक धरायची गरज नाही.

बाकीची मरणं वाईट. तारेला विजेचा दाब जास्त दिला की ती लवकर जळते. कमी दिला तर वाचते असं शहाण्यांना वाटतं, पण कमी दाबानेही ती आतून निकामी होते. ग्रिडवर जो उलटा दाब असतो तो या जनावराचा लगाम. लगाम सुटला की करंट उधळतो, आतला अॅनोडचा पत्रा शेगडीतल्या कोळशासारखा लाल होतो, मग पांढरा, मग त्याला भोक पडतं. ते तर आंधळ्यालाही दिसेल. एरियलची जुळणी बिघडली तर गेलेली ताकद परत येते आणि आत ठिणग्या पडतात. आणि हवा! काच आणि धातू जिथे जुळतात तो सांधा म्हणजे त्याचा गळा. पंख्याचा वारा त्या सांध्यावर सतत पडलाच पाहिजे. वारा थांबला की सांधा तापतो, केसाएवढी चीर जाते आणि हवा आत शिरते. मग आतला आरशासारखा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो. वर्षानुवर्षं अडगळीत पडलेल्या व्हॉल्व्हमध्येही अशी हवा शिरू शकते. म्हणून सुटा व्हॉल्व्ह बसवायच्या आधी नुसती तार पेटवून दिवसभर ठेवायचा. लंबूला हे माहीत आहे, तुला आहे का?

माझा नियम अजून पाळता ना? ज्याने बसवला त्यानेच तो मरेपर्यंत सांभाळायचा, आणि तळाच्या पितळेवर सुईने आपली खूण कोरायची. मढं हातात आलं की कुणाच्या राखणीत गेलं ते लगेच कळलं पाहिजे. माझ्या काळात या एका नियमाने निम्मे व्हॉल्व्ह वाचले.

मी ऐकत असेनच म्हणतेस. रोज ऐकतो. घरात दुसरं आहे काय, मी आणि रेडिओ. दादाला पुलावर सायकलवरून ओढून खाली पाडला आणि लोखंडी गजांनी मारला, तेव्हा तिकडच्या एकाने तरी मध्ये हात घातला का? मला शवागारात बोलावलं तेव्हा त्याला चेहरा उरला नव्हता. अंगठ्यावर सोल्डरिंगचा जुना चटका होता, माझ्याच हाताखाली शिकताना लागलेला. त्यावरून बापाने पोरगा ओळखला. तेव्हा वाचू दे भसाड्याला. एकेक गल्ली वाचू दे. जे केंद्र मी उभं केलं ते माझ्या दादासाठी बोलतंय, आणि ते गप्प पडता कामा नये.

ताईचं म्हणशील तर माझी पोरगी असूनही ती लग्न करून तिकडची झाली. मला ती मेली. पुन्हा लिहू नकोस.

मामा


१५ मार्च

ती. मामा,

दुसराही गेला. काल संध्याकाळी, भसाड्याने गल्लीचं नाव उच्चारलं आणि घराचे नंबर सुरू करणार एवढ्यात. आत पिवळट धूर फिरला, तार फटकन तुटली, आणि चंदेरी डाग तुम्ही लिहिलात तसा पांढराफटक.

बूटवाला आला. त्याने सगळ्यांना मशीनच्या खोलीत भिंतीला तोंड करून उभं केलं. पंख्याच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. त्याला त्याने फाटकाशी नेलं, त्याची बोटं बिजागरीच्या फटीत ठेवायला लावली आणि फाटक लावून घेतलं. मी पाठमोरी होते, पण आवाज आला. माणसाच्या आधी हाडांचा आला. पहारेकरी ओरडून ओरडून सांगत होता की पंखा चालूच होता. तो चालूच होता, मामा. सगळ्यांनी पाहिलं, बूटवाल्याने स्वतः हात धरून वारा बघितला.

आता त्याने ठरवलंय, की व्हॉल्व्हचं मढं तुमच्याकडे पाठवायचं. तो म्हणाला, "तो म्हातारा आपला आहे, त्याचा पोरगा आपल्यासाठी मेला. तो म्हणेल ते खरं." भसाड्या रोज दादाचं नाव घेतो, म्हणून तुमच्यावर त्यांचा विश्वास. व्हॉल्व्ह गवतात बांधून ट्रकवाल्याबरोबर देतेय. लंबूनेच बांधलाय. त्याने गाठ सुद्धा अशी मारलीय, की तुमच्या थरथरत्या हातांनाही सुटावी.

मला वाटतं, हा अडगळीत पडून पडून आतून नासला होता, एवढंच. तुम्हीच लिहिलं होतं तसं होतं म्हणून. तुम्हालाही तसंच दिसेल ना? लिहिण्याआधी नीट विचार करा, मामा. तुम्ही जे लिहाल त्यावर इथे एक माणूस जगेल नाहीतर मरेल. तिसरा व्हॉल्व्ह आज तारेवर तापत ठेवलाय. त्यानंतर एकच सुटा उरतो, आणि नवे मिळायची सोय नाही.

ठकी


१८ मार्च

केंद्राचे साहेब यांस,

आपण पाठवलेला व्हॉल्व्ह मी भिंगाखाली तपासला. निष्कर्ष असे.

आत हवा शिरली हे उघड आहे. मात्र ती अडगळीत पडून शिरलेली नाही. पडून राहिलेल्या व्हॉल्व्हच्या पिना स्वच्छ असतात. या पिना मुळाशी आधी पिवळ्या आणि मग निळ्या पडल्या आहेत. धातू असा रंग फक्त आचेने घेतो. म्हणजे सांध्यावरचा वारा बंद होता, आणि बराच वेळ बंद होता.

पंखा चालू होता असं आपण लिहिता. तेही खरं आहे. काचेवर सांध्यालगत मला सुती कापडाचा जळका धागा चिकटलेला सापडला. पंख्याच्या नळीत कुणीतरी चिंधी कोंबली आणि व्हॉल्व्ह फुटल्यावर ती काढून घेतली. हा आजार नव्हे, हा खून आहे.

तळाच्या पितळेवर बसवणाऱ्याची खूण आहे. आमच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे जो बसवतो तोच त्याच्याजवळ असतो, दुसरा कुणी हात लावत नाही. खूण उंच तंत्रज्ञाची आहे, ज्याला लंबू म्हणतात. तो माझा शिष्य असल्याने हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण माझ्या मुलाच्या आत्म्याला स्मरून खरं तेच लिहितो.

निवृत्त मुख्य तंत्रज्ञ

(ठके, सोबत तुझ्यासाठी दोन ओळी. तुझा अंदाज साफ चुकला, पिना बघायच्या असतात हे तुला कोण सांगणार. नीट विचार करून लिहा म्हणालीस, म्हणून दोन दिवस भिंग डोळ्याला लावून बसलो. आता केंद्र सुरक्षित आहे, तूही सुरक्षित आहेस. लंबूपासून दूर राहा. मढं मी ठेवून घेतलंय. — मामा)


२३ मार्च

मामा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

चिंधी मी कोंबली होती. माझ्या जुन्या ओढणीची. मी, तुमची ठकी, जिचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

तुमचा नियम तुम्ही गेल्यावर वर्षभरातच मोडला. लंबूचा हात कुणापेक्षाही स्थिर, म्हणून सगळे व्हॉल्व्ह तोच बसवायचा आणि तळावर खूण त्याचीच असायची. संध्याकाळच्या पाळीत मशीन सांभाळायचे मी. हे तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं, कारण दादा गेल्यापासून मला तुमची भीती वाटते.

काय झालं ते ऐका. काल त्यांनी लंबूला एरियलच्या खांबाला बांधला. बूटवाल्याने तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. एक वाक्य वाचायचा, थांबायचा, आणि शिपाई बंदुकीचा दस्ता लंबूच्या बरगड्यांत घालायचा. मग पुढचं वाक्य. तुमची वाक्यं फार स्वच्छ आहेत, मामा, एकही लांबलचक नाही. "खूण तुझी?" म्हणून त्याने विचारलं. लंबूने मान वर केली. मी पायरीवर उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की चिंधी त्याने कधीच पाहिलेली होती. तो म्हणाला, "हो, माझीच. मीच बसवला."

भसाड्याला तेव्हा सुचलं. त्याने मायक्रोफोनची वायर लांबवून अंगणात आणली आणि लंबूच्या तोंडासमोर धरली. त्यांनी त्याचे हात मोडले, आधी उजवा. जो व्हॉल्व्ह तो आवाज एरियलवर चढवत होता तो लंबूनेच गेल्या आठवड्यात बसवलेला. मला आत मशीनपुढे बसवलं होतं, मीटरचे काटे समोर दिसत होते, प्रत्येक किंकाळीला ते उडत होते. मी बंद करू शकत होते. माझ्या मागे दोन बंदुका होत्या आणि मी बंद केलं नाही. तो बराच वेळ मेला नाही.

आता तरी समजून घ्या मी हे का केलं. नदीच्या खालच्या अंगाला एक नावाडी आहे. तो पहाटे दोन-चार माणसं पलीकडून उचलतो आणि दूर उतरवतो. ताईचं नाव त्याच्याकडे लागलंय, पण तिच्याआधी खूप माणसं आहेत. केंद्र गप्प असतं त्या दिवशी पुलावर कुणी येत नाही आणि नावाड्याची एक फेरी होते. मी व्हॉल्व्ह नाही मारला, मामा, मी फेऱ्या विकत घेतल्या. ताईची गल्ली येत्या रविवारी वाचणार आहेत. भसाड्याने कागद माझ्या टेबलावरच ठेवला होता. तिचं दार हिरवं आहे, हे त्याला माहीत आहे.

दादाला ज्यांनी मारलं ते गज हातात घेतलेले लोक होते. ताईच्या पोटात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. यापुढे मी तुमच्याकडून कसलंही निदान मागणार नाही.

ठकी


२७ मार्च

ठके,

मी ऐकलं होतं.

तू लिहायच्या आधी ऐकलं होतं, घरी, माझ्या खुर्चीत बसून. भसाड्या म्हणाला, एक फितूर सापडलाय. मला वाटलं, नदीपलीकडचा कुणीतरी असेल. मी आवाज वाढवला. लंबूला मी सात वर्षं शिकवलं, त्याचा आवाज मला ओळखू आला नाही, आणि मी आवाज वाढवला, ठके.

तुझं पत्र वाचून मी रेडिओ उचलून भिंतीवर आपटला. मग कुऱ्हाड घेऊन त्याचं लाकूड फोडलं, स्पीकर फोडला, आतले व्हॉल्व्ह बुटाखाली चिरडले. म्हटलं बूटवाल्यात आणि माझ्यात फरक तो काय. शेजारीण दारात येऊन उभी राहिली तर तिच्यावर कुऱ्हाड घेऊन धावलो. ती पळाली म्हणून वाचली. हा राग दादाच्या दिवसापासून माझ्या अंगात आहे. तो कुणावर निघावा याची मला कधी पर्वा नव्हती, आणि शेवटी तो निघाला तो माझ्याच पोरावर.

आता नीट वाच आणि उलट उत्तर करू नकोस. साहेबाला मी लिहिलं, की लंबू गेल्यावर तिथे कुणाच्या हाताला व्हॉल्व्ह बसवायची अक्कल नाही, तेव्हा मी स्वतः येऊन बघतो. त्याने गाडी पाठवायचं कबूल केलंय. रविवारी दुपारी मी वर असेन. मी सांगणार आहे, की चालू असलेला व्हॉल्व्ह दमलाय, त्याच्या जोडीला शेवटचा सुटाही बसवू, म्हणजे आवाज पुलापलीकडे दुप्पट जाईल. ते ऐकून तो खूश होईल. दोन्ही एकदम बसवीन. भसाड्या कागद हातात घेईल तेव्हा मी दोघांचा लगाम काढीन आणि दाब पुरा लावीन. आपोआप बंद करणारी कळ असते ती आधीच बांधून ठेवीन. त्यानंतर जे होतं ते तुला पहिल्याच पत्रात लिहिलंय. आंधळ्यालाही दिसेल असं. लपवायचं नाहीच आहे मला. पितळेवर खूण माझी असेल, दोन्हींच्या. पुन्हा कुणी भिंग घेऊन बसायला नको.

भीती वाटते, ठके. मरायची नाही. त्या खांबाची वाटते. म्हातारा माणूस ओरडायला लागला की फार वाईट दिसतो.

तू रविवारी कामावर येऊ नकोस. ट्रकवाल्याला मी सगळं सांगितलंय, तो तुला सकाळीच नदीच्या खालच्या अंगाला सोडेल. नावाड्याला गाठ आणि ताईला घेऊन जा. तिला माझं काही सांगू नकोस. मी तिला मेली म्हणालो होतो, असं बोललेलं परत घ्यायची सोय नसते.

ट्रकवाल्याबरोबर दुसऱ्या व्हॉल्व्हचं ते मढं पाठवतोय. त्याच्या तळावरची लंबूची खूण मी कानशीने घासून काढली आणि तिथे माझी कोरली. तो व्हॉल्व्ह चिंधीने मेला, पण लंबू माझ्या नियमाने मेला. ते लंबूच्या बायकोला दे आणि सांग, की तिच्या नवऱ्याच्या नावावर आता काहीही नाही, सगळं माझ्या नावावर आहे. एवढं माझं काम कर.

आशीर्वाद द्यायचा राहून गेला होता. तो घे.

मामा


११ नोव्हेंबर

ती. मामा,

हे पत्र टाकायला पेटी नाही, तरी लिहितेय. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला हे सांगता यायचं नाही.

ताई नावेतून सुखरूप उतरली, पोटातल्या जिवासकट. त्या रविवारी आम्ही काठावरच्या झुडपांत बसलो होतो. पलीकडे पुलावर माणसं जमलेली दिसत होती, डबे घेऊन, एकाच्या खांद्यावर रेडिओ. संध्याकाळी भसाड्याने घसा खाकरला, गल्लीचं नाव घेतलं, हिरवं दार म्हणाला, आणि मग एक कर्कश शीळ, आणि मग काहीच नाही. माणसं रेडिओला थपडा मारत राहिली. कुणीतरी तो पुलाच्या कठड्यावर आपटला. अंधार पडेपर्यंत ती एकमेकांवरच ओरडत होती आणि मग पांगली. त्याच गोंधळात आमची नाव त्यांच्या पुढ्यातून गेली, मामा. ताईने माझा हात इतका दाबून धरला होता, की नखं आत गेली.

तुमचं ट्रकवाल्याने सांगितलं. तो पहारेकऱ्यांना अंडी द्यायला म्हणून अंगणात थांबला होता. मशीनच्या खोलीच्या खिडक्या आधी लाल झाल्या आणि मग पांढऱ्या, असं म्हणाला. तुम्हाला केसांना धरून बाहेर ओढलं. बूटवाला विचारत होता, कुणी केलं, तुझ्याबरोबर कोण. तुम्ही म्हणे त्यालाच दरडावलंत, की तळ उलटा करून बघ, वाचता येत नाही का. खांबापर्यंत त्यांनी तुम्हाला नेलंच नाही. त्याने पायरीवरच गोळी घातली. तुम्ही ओरडला नाहीत. ट्रकवाला खोटं बोलत असेल तरी मला त्याची तपासणी करायची नाही.

ताईला मी सगळं सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुमचं ऐकायची सवय माझी सुटली आहे. ती दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "म्हातारा एकदा तरी घरी येऊन माझ्यावर ओरडला असता, तर मी पाया पडले असते."

आणि काल लंबूच्या बायकोकडे गेले. ती आता इथून जवळच, भावाकडे असते, शिवणकाम करते. तिने दार उघडलं, मला ओळखलं आणि हातातली कात्री माझ्या खांद्यावर मारली. जखम खोल नाही. भावाने तिला मागे ओढलं. मी उंबऱ्यातच खाली बसले आणि चिंधीपासून पायरीपर्यंत सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग मी गवतात बांधलेला व्हॉल्व्ह पुढे केला आणि तुमचा निरोप सांगितला, अगदी तुमच्याच शब्दांत. तिच्या नवऱ्याच्या नावावर आता काही नाही.

तिने तो हातात घेऊन उलटा केला. पितळेवरून अंगठा फिरवला, कानशीचे ओरखडे लागत होते त्या जागेवरून.

"इथं होती त्याची खूण?"

"हो."

"कशी होती?"

मी तिच्या शिवणाच्या खडूने जमिनीवर काढून दाखवली, एक उभी लांब रेघ आणि तिला खाली आडवा पाय. ती रेघ तिने बोटाने गिरवली.

"पुसायला नको होती," ती म्हणाली. "त्याच्या हातचं माझ्याजवळ दुसरं काहीच नाही."

ठकी